भूल आणि मोजमाप : हृदयछिद्रांच्या कॅथेटर-उपचारातील भूलव्यवस्थेविषयीच्या लेखनाचे परीक्षण

१

जन्मजात हृदयदोषांपैकी काही दोष छाती न उघडता, मांडीतील रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीच्या साहाय्याने दूर करता येतात, ही गोष्ट आता वैद्यकात नवी राहिलेली नाही. नळीतून घडी करून नेलेली धातूची जाळी छिद्रापाशी उलगडते आणि छिद्र बुजवते. आपल्याकडील पालक तिला 'छत्री' म्हणतात आणि ते नाव समर्पक आहे. या उपचाराच्या वेळी मुलास भूल कोणती द्यावी, किती द्यावी, श्वासमार्ग स्वाधीन करून घ्यावा की मुलास स्वतःचा श्वास घेऊ द्यावा, यासंबंधी गेल्या तीन दशकांत विपुल लेखन झाले आहे. त्या लेखनाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. परीक्षणाची कसोटी म्हणून आम्ही एखादा नामांकित ग्रंथ न घेता एक जिल्हा घेतला आहे. तो जिल्हा नंदुरबार.

या निवडीचे कारण सांगणे प्राप्त आहे. कोणतीही पद्धती ज्या रुग्णांवर बेतली गेली त्यांच्यापुरती खरी ठरते यात नवल नाही. ती सार्वत्रिक आहे असे म्हणावयाचे असेल, तर जेथे तिची गृहीतके सर्वांत कमी लागू पडतात तेथे तिची परीक्षा व्हावयास हवी. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा सहा तालुक्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. उत्तरेस नर्मदा, मध्ये सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेकडे तापीचे खोरे अशी त्याची रचना. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांतून मुलांचे कुपोषण हा जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे. हृदयात छिद्र असलेल्या येथील बालकास उपचारासाठी बहुधा सुरत, नाशिक किंवा मुंबई अशा शहराची वाट धरावी लागते. भूलशास्त्राच्या लेखनात या वाटेला स्थान आहे काय, हा आमचा मुख्य प्रश्न आहे.

२

इतिहासाकडे पाहिले असता एक गोष्ट प्रथमच ध्यानात येते. १९३८ साली बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी एका सात वर्षांच्या मुलीची जन्मानंतर उघडी राहिलेली धमनीवाहिनी, जिला आज 'पीडीए' या आद्याक्षरांनी ओळखतात ती, बांधून बंद केली. जन्मजात हृदयदोषांच्या शल्यचिकित्सेचा हा आरंभ मानला जातो. त्या मुलीला सायक्लोप्रोपेनची भूल देणाऱ्या परिचारिका बेटी लँक यांचे नाव मात्र फार थोड्या ग्रंथांत आढळते. पुढे १९६७ मध्ये बर्लिनच्या पोर्स्टमान यांनी तीच वाहिनी नळीद्वारे बंद केली. १९७६ मध्ये किंग आणि मिल्स यांनी वरच्या दोन कप्प्यांमधील, म्हणजे अलिंदांमधील, पडद्याचे छिद्र नळीने बंद केल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. १९९७ मध्ये निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या जाळीचा, कुर्ट अँप्लाट्झ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनाचा, मानवांवरील वापर प्रसिद्ध झाला आणि २००१ च्या अखेरीस अमेरिकेत त्यास शासकीय मान्यता मिळाली.

या साऱ्या वृत्तांतात साधनाची प्रगती पायरीपायरीने सांगितलेली असते आणि भूल मात्र पार्श्वभूमीला उभी असते. शल्यक्रिया लहान झाली म्हणजे भूलही लहान झाली, असा एक समज त्यातून नकळत रुजला. वस्तुतः तसे घडलेले नाही. छाती उघडलेली असता सर्व काही डोळ्यांसमोर असते, हृदयफुप्फुसयंत्र हाताशी असते आणि शल्यचिकित्सक शेजारी उभा असतो. कॅथलॅबमध्ये खोली अंधारी आणि थंड असते, क्ष-किरणांचे यंत्र मुलाच्या डोक्याशी फिरत असते, भूलतज्ज्ञास मुलापासून काही हात दूर उभे राहावे लागते, आणि छत्री सुटून भलत्या जागी गेली किंवा हृदयाच्या आवरणात रक्त साचले, तर क्षणार्धात सर्व सूत्रे त्याच्याच हाती येतात. जखम लहान झाली, जबाबदारी तेवढीच राहिली.

३

या लेखनाचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. कोणत्या दोषास कोणती भूल सोयीची, याचा त्याने केलेला विवेक उपयुक्त आहे. अलिंदपटलाचे छिद्र बंद करताना छत्रीची जागा निश्चित करण्यासाठी बहुधा अन्ननलिकेतून इकोची नळी उतरवावी लागते. लहान मूल ती जागेपणी सहन करीत नाही, म्हणून तेथे पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालणे बहुसंख्य ठिकाणी पसंत केले जाते. पीडीए बंद करताना या इकोची गरज नसल्याने केटामाइन, मिडाझोलाम किंवा डेक्समेडेटोमिडिन यांच्या साहाय्याने गुंगी आणून काम भागते. खालच्या कप्प्यांमधील, म्हणजे निलयांमधील, छिद्र बंद करताना नळीचा मार्ग हृदयाच्या विद्युत्‌वाहक तंतूंजवळून जातो, त्यामुळे ठोक्यांची लय बिघडणे किंवा हृदयरोध होणे यांची धास्ती अधिक असते.

औषधांच्या गुणधर्मांचे वर्णनही या लेखनात सूक्ष्म आहे. प्रोपोफॉल शरीरातील रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवते. केटामाइन दाब टिकवून धरते, परंतु लाळ वाढवते. डेक्समेडेटोमिडिन श्वास फारसा दाबत नाही, पण नाडी मंदावते. रक्त गोठू नये म्हणून दर किलो वजनास सुमारे १०० एकक हेपॅरिन द्यावे आणि गोठण्याचा काळ २०० सेकंदांच्या वर ठेवावा, असे नियमही आता स्थिर झाले आहेत. ही सर्व माहिती विद्यार्थ्याने आत्मसात करावी अशीच आहे. आमचा आक्षेप तिच्यावर नसून तिच्या आधारे काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांवर आहे.

४

पहिला आक्षेप तुलनेच्या रीतीवर आहे. 'पूर्ण भूल बरी की गुंगी बरी' या प्रश्नावरील बहुतेक लेख जुन्या नोंदवह्या चाळून लिहिलेले असतात. त्यांत एकीकडे पूर्ण भूल दिलेली मुले आणि दुसरीकडे गुंगी दिलेली मुले यांच्या गुंतागुंतींची गणना करून निर्णय दिला जातो. परंतु पूर्ण भूल कोणास दिली गेली? जे मूल अधिक लहान, अधिक अशक्त किंवा ज्याच्या फुप्फुसांतील दाब वाढलेला, त्यालाच तज्ज्ञाने विचारपूर्वक ती दिली. मग त्या गटात गुंतागुंत अधिक आढळली तर दोष भुलेचा की मुलाच्या मूळ स्थितीचा? जो भेद निवडीतच शिरला आहे तो निष्कर्षात भुलेचा परिणाम म्हणून मांडणे, हे तर्कशास्त्राच्या दृष्टीने ग्राह्य नाही. उलट काही ठिकाणी गुंगीचा धोका या गणनेत दिसतच नाही. गुंगीतील मुलाचा श्वासमार्ग अंशतः अडला म्हणजे ते जोराने श्वास ओढते. त्यामुळे छातीतील दाब उणा होऊन जाड नळीच्या उघड्या तोंडातून हवा डाव्या अलिंदात आणि तेथून मेंदूकडे जाण्याचा संभव असतो. ही आपत्ती क्वचितच घडते, म्हणून शंभर मुलांच्या यादीत ती नसणे हा ती नसल्याचा पुरावा ठरत नाही.

दुसरा आक्षेप याच संदर्भात येतो. 'एकाही रुग्णास गंभीर गुंतागुंत झाली नाही' हे वाक्य अशा लेखांच्या समारोपात वारंवार आढळते. संख्याशास्त्रातील एक साधा नियम असा की, शंभर रुग्णांत एकही अनिष्ट घटना घडली नसेल, तरी तिचे खरे प्रमाण तीन टक्क्यांपर्यंत असू शकते. पन्नास रुग्णांत घडली नसेल तर ते सहा टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे पन्नास मुलांवरील निर्दोष यादीवरून 'पद्धती सुरक्षित आहे' असे म्हणणाऱ्याने वास्तविक 'सोळा-सतरा मुलांमागे एकापेक्षा अधिक अनिष्ट घटना बहुधा घडणार नाही' एवढेच सिद्ध केलेले असते. पालकांपुढे ही दोन विधाने एकाच अर्थाची म्हणून ठेवता येतील काय?

५

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे, कारण तो मोजमापाविषयी आहे. छिद्र बंद करावे की नाही हा निर्णय, विशेषतः उशिरा आलेल्या मुलांत, फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या रोधावर अवलंबून असतो. हा रोध वाढून पालटण्यापलीकडे गेला असेल, तर छिद्र बंद करणे म्हणजे उजव्या बाजूच्या हृदयाची सुटकेची वाट बंद करणे होय. सध्या प्रचलित मार्गदर्शनानुसार शरीराच्या क्षेत्रफळाशी जोडलेला हा रोध ४ एककांच्या आत असल्यास छिद्र बंद करावे, ८ च्या पलीकडे असल्यास करू नये आणि मधल्या पट्ट्यात तारतम्याने ठरवावे, असा संकेत आहे.

हा रोध प्रत्यक्ष मोजला जात नाही, गणिताने काढला जातो, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे. त्या गणितात शरीराने वापरलेला प्राणवायू, रक्तातील हिमोग्लोबिन आणि निरनिराळ्या ठिकाणची प्राणवायूची संपृक्तता हे घटक येतात. पैकी प्राणवायूचा वापर पुष्कळ ठिकाणी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लाफार्ज आणि मीटिनेन यांच्या कोष्टकांवरून गृहीत धरला जातो. पूर्ण भुलेखाली तो वापर घटतो. उदाहरण म्हणून पुढील आकडे घेऊ. वापर दर चौरस मीटरला मिनिटास १५० मिलिलिटर, हिमोग्लोबिन १२ ग्रॅम, फुप्फुसातून परतणाऱ्या व तेथे जाणाऱ्या रक्ताच्या संपृक्ततेतील अंतर १४ टक्के आणि दाबांतील अंतर ३० मिलिमीटर असेल, तर रोध सुमारे ४.६ एकक येतो. भुलेखाली प्रत्यक्ष वापर १२० असेल, तर खरा रोध ५.७ ठरतो. हिमोग्लोबिन कागदोपत्री १२ पण त्या दिवशी प्रत्यक्षात ८ असेल, तर तोच रोध ३.१ च्या आत येतो. एका आकड्याच्या फरकाने मूल संकेताच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाते.

यात भूलतज्ज्ञाचा हात आणखी खोलवर आहे. त्याने शंभर टक्के प्राणवायू देऊन श्वास जलद चालविला, तर फुप्फुसांच्या वाहिन्या सैल होऊन दाब उतरतो आणि मूल आहे त्याहून निर्धोक भासते. गुंगी खोल होऊन श्वास मंदावला, कर्बवायू साचला, तर दाब चढतो आणि उपचारास योग्य असलेले मूल अयोग्य ठरण्याचा संभव उत्पन्न होतो. म्हणजे ज्या आकड्यावर निर्णय व्हावयाचा, तो आकडा काही अंशी भुलेनेच लिहिलेला असतो. असे असता मोजणीच्या क्षणी मुलास किती प्राणवायू चालू होता, कर्बवायूचा दाब किती होता, हिमोग्लोबिन त्याच दिवसाचे होते काय, याचा उल्लेख पुष्कळ लेखांत नसतो. औषधांची मात्रा दशांशापर्यंत आणि मोजणीची परिस्थिती मात्र मौनात, हा विरोधाभास या लेखनाचा सर्वांत मोठा दोष होय, असे आमचे मत आहे.

६

आता ही कसोटी नंदुरबारला लावून पाहू. हिमोग्लोबिनचा जो आकडा शहरातील लेखात एक किरकोळ रकाना असतो, तो येथे केंद्रस्थानी येतो. रक्तक्षय येथे अनेक कारणांनी आढळतो. अपुरा आहार हे एक कारण, आणि भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक विकार हे दुसरे. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ साली नीलगिरीच्या परिसरात झाली. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून २०४७ हे तिचे उद्दिष्टवर्ष आहे. ज्याला हा विकार पूर्णपणे आहे, त्याच्या तांबड्या पेशी प्राणवायूच्या कमतरतेत, थंडीत, शरीरातील पाणी कमी झाले असता आणि रक्त आम्लधर्मी झाले असता विळ्याचा आकार घेतात आणि सूक्ष्म वाहिन्या तुंबवतात. कॅथलॅबची थंड खोली, लांबलेला उपवास, मांडीच्या वाहिनीवर दीर्घकाळ दिलेला दाब ही त्या पेशींना प्रतिकूल अशीच परिस्थिती आहे. या विकारात फुप्फुसांतील दाब छिद्राशिवायही वाढू शकतो, हृदय मोठे होऊ शकते आणि रक्तक्षयामुळेच हृदयावर मर्मर ऐकू येऊ शकते. म्हणून दाब वाढलेला दिसला तर तो छिद्रामुळे की रक्तामुळे, हा प्रश्न येथे आधी सोडवावा लागतो. केवळ वाहक असलेल्या मुलास सामान्यतः भुलेचा असा धोका नसतो. त्यास निष्कारण नाकारणे हाही अन्यायच. परंतु हा भेद करण्यासाठी तपासणी आधी झालेली असावी लागते.

उपवासाचा नियम घ्या. जड अन्न सहा तास, आईचे दूध चार तास, पाणी दोन तास आधी बंद, असा तो परंपरेने सांगितला जातो. अलीकडील युरोपीय मार्गदर्शनात पाण्याची मुदत आणखी कमी केली आहे. नियम निर्दोष आहे. परंतु धडगावच्या वरच्या पाड्यावरून निघून रात्रभर प्रवास करून आलेले, भाषा न कळणाऱ्या रुग्णालयात आपला क्रम केव्हा येईल हे ठाऊक नसलेले कुटुंब 'काही देऊ नका' एवढेच ऐकते आणि तेवढेच पाळते. कागदावरचे सहा तास प्रत्यक्षात किती झाले, हे लेखात येत नाही, कारण ते कोणी विचारलेलेच नसते.

भूल कॅथलॅबच्या दारापाशी सुरू होते हे गृहीतकही येथे टिकत नाही. अमेरिकेत मुलांच्या भुलेशी संबंधित हृदय बंद पडण्याच्या घटनांची १९९४ पासून एक नोंदवही ठेवली गेली. तिचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अशा ३७३ घटनांपैकी ३४ टक्के मुलांना हृदयविकार होता. त्या मुलांच्या घटनांपैकी ५४ टक्के सामान्य शस्त्रक्रियागृहात, २६ टक्के हृदयशस्त्रक्रियागृहात आणि १७ टक्के कॅथलॅबमध्ये घडल्या. या टक्केवारीवरून प्रत्येक जागेचा तुलनात्मक धोका काढता येत नाही, कारण कोठे किती भुली दिल्या गेल्या हे तीत नाही. पण एवढे निःसंशय सिद्ध होते की, हृदयदोष असलेल्या मुलाची भूल ही केवळ हृदयरुग्णालयाची बाब नव्हे. तेच मूल हाड मोडले म्हणून, हर्निया झाला म्हणून जवळच्या शस्त्रक्रियागृहात येते. छत्री बसविल्यावर पहिले सहा महिने दातांसारख्या उपचारांपूर्वी हृदयाच्या जंतुसंसर्गापासून संरक्षण द्यावयाचे असते. ऊसतोडीसाठी स्थलांतर केलेल्या कुटुंबातील मुलाचा कागद त्याच्याबरोबर गेला नसेल, तर पुढच्या भूलतज्ज्ञास हे कसे कळावे?

७

शेवटी शब्दांविषयी. रुग्णालयांच्या फलकांवर 'बधिरीकरण' हा शब्द रूढ आहे. पण बधिर होते ते अंग, आणि पूर्ण भुलेत तर जाणीवच मावळते. 'संज्ञाहरण' अर्थाने नेमका, परंतु संमतिपत्राबाहेर तो कोणी बोलत नाही. लोकांचा शब्द 'भूल' हाच. तो जिवंत आहे आणि त्यात विसर, मोहिनी व चूक या तिन्ही छटा आहेत. 'गुंगी' हा त्याचा सौम्य सोबती. 'भूल नाही, फक्त गुंगी देणार' असे ऐकले म्हणजे पालक धोका कमी झाला असे समजतात. वर पाहिल्याप्रमाणे श्वासमार्ग स्वाधीन नसलेली खोल गुंगी पूर्ण भुलेपेक्षा नेहमी सौम्य असतेच असे नाही. हे समजावणे मराठी घरातही अवघड आहे. मग ज्या घरी भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलली जाते, तेथे संस्कृतप्रचुर मराठीत छापलेल्या कागदावरील अंगठा ही संमती म्हणावी काय, याचा विचार भूलशास्त्राप्रमाणेच भाषाभ्यासकांनीही करावयास हवा. विद्यापीठाच्या पत्रिकेत हा विषय येण्याचे औचित्य येथे आहे.

८

या परीक्षणातून जे निष्पन्न होते ते थोडक्यात असे. उपलब्ध लेखनाने भुलेचा तास चांगला अभ्यासला, परंतु त्या तासाच्या अलीकडचे आणि पलीकडचे मूल त्याच्या दृष्टीआड राहिले. हा दोष औषधे बदलून जाणार नाही, नोंदीची रीत बदलावी लागेल. महाराष्ट्रातील जो कोणी विद्यार्थी पुढे या विषयावर प्रबंध लिहील, त्याने प्रत्येक मुलामागे निदान इतके नोंदवावे : वयाच्या मानाने वजन, त्याच दिवसाचे हिमोग्लोबिन, सिकलसेल तपासणीचा निष्कर्ष, प्रत्यक्ष झालेल्या उपवासाचे तास, दाब मोजताना चालू असलेला प्राणवायू व कर्बवायूचा दाब, संमती कोणत्या भाषेत घेतली गेली ती भाषा, आणि गावी परतल्यानंतर सहा महिन्यांनी मुलाचे काय झाले. यांतील एकाही नोंदीस महाग यंत्र लागत नाही.

हे अशक्य नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांतून मुलांची तपासणी करतात, आणि जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. २०२० मध्ये नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे मूल शोधणारा आणि मुलास शहराकडे पाठविण्यापूर्वी त्याचे रक्त, वजन व आहार पाहणारा असे दोन्ही दुवे जिल्ह्यातच तत्त्वतः उपलब्ध आहेत. रक्तक्षय सुधारण्यास काही आठवडे लागतात, आणि साध्या अलिंदछिद्राच्या मुलाला ते आठवडे बहुधा असतात. फुप्फुसांतील दाब वाढत चाललेल्या मुलाला ते नसतात. कोणत्या मुलाला थांबवावे आणि कोणाला तत्काळ पाठवावे, हा निर्णय भूलव्यवस्थेचाच पहिला भाग आहे. तो कॅथलॅबमध्ये घेता येत नाही, धडगाव आणि मोलगीच्या आरोग्यकेंद्रांत घ्यावा लागतो. जोपर्यंत आपले संशोधन त्या केंद्रातील वजनकाट्यापासून सुरू होत नाही, तोपर्यंत त्याच्या समारोपातील 'सुरक्षित' हा शब्द अपुऱ्या पुराव्यावर उभा आहे, असेच म्हणावे लागेल.